तीनपाच

थाई मुलखातल्या लप्लै गावाच्या वेशीवर एक पाटी आहे. ‘येथून लप्लैची हद्द. खोटे बोलण्यास मनाई.’ पर्यटक तिच्याखाली उभे राहून फोटो काढतात, आणि शंभर पावलांवरच्या बाजारात फणसासारखे काटेरी दुरियान विकणाऱ्या बाया त्यांना ‘साखर आहे हो, साखर!’ म्हणत कच्ची फळं गळ्यात मारतात. पाटीमागची गोष्ट फार जुनी. कुणा परगावच्या जावयानं रडणारं तान्हं पोर गप्प करायला म्हटलं, "आली हं आई, ही बघ आली." आई काही आली नव्हती. तेवढ्यावरून गावानं त्याला बोचकं बांधून वेशीबाहेर काढला. पुइनं ही गोष्ट आजोबांकडून इतक्यांदा ऐकली होती की तिला त्या जावयाचीच कीव यायची. बिचारा पोरासाठीच तर बोलला होता.

पुइ म्हणजे खत. हे नाव आजोबांनी ठेवलेलं. नात झाडासारखी तरारून वाढावी म्हणून बागवाल्या माणसानं दुसरं काय ठेवायचं? शाळेच्या पटावर ती रुंगनपा होती, पण त्या नावानं तिला फक्त शिस्तीच्या अम्फोनबाई हाक मारत, आणि तीही ओरडायलाच. पोरगी सोळा वर्षांची, अकरावीत, गणितात हुशार, भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेली. आई-बाप चोनबुरीच्या कारखान्यात, म्हणून ती वाढली डोंगराच्या पायथ्याशी, आजोबा आणि सोममावशीजवळ. आईच्या वडलांना तिकडे ‘ता’ म्हणतात. पुइ त्यांना त्याच नावानं हाक मारायची.

आजोबांची बाग वर कड्यावर. फळं टोपलीत घालून तारेवरून खाली सोडायची. टोपली बारीक शीळ घालत यायची आणि खालच्या जुन्या टायरवर आदळायची. आजोबांचा वरचा एक दात पडलेला होता, त्यामुळे ते हसले की प्रत्येक ‘हा’च्या शेवटी नेमकी तशीच शीळ निघायची. सोममावशी स्वयंपाकघरातून विचारायची, "टोपली आली, का बाबा हसले?"

त्या वर्षी फळ चांगलं लागलं आणि लेकीनं चोनबुरीहून बापाला फोन घेऊन पाठवला. शिकवायचं काम अर्थातच पुइच्या गळ्यात पडलं.

"ता, हे बघा. कुणी काही गमतीचं पाठवलं की खाली पाच-पाच-पाच लिहायचं."

"का? गमतीला दहापैकी मार्क द्यायचे?"

"अहो, पाच म्हणजे काय? हा! मग तीन पाच म्हणजे हा-हा-हा. हसू!"

थाईत पाचाला ‘हा’ म्हणतात, आणि एकच कळ तीनदा दाबणं सोपं, एवढंच त्यातलं गुपित. आजोबा बेहद्द खूश झाले. त्यांनी बोट चाटून तीन पाच उमटवले, लांब धरून पाहिले आणि मग कपाळाला आठ्या घातल्या.

"पण मी तर हसलो नाही."

"हसायचं नसतंच. लिहायचं असतं."

"म्हणजे खोटं."

"खोटं काय त्यात? सगळे लिहितात!"

"सगळे लिहितात म्हणून खरं होतं होय? पुसायचं कसं हे? आधी पूस."

पुसलं. आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं उच्छाद मांडला. मांजर मासळीच्या बरणीत पडल्याची चित्रफीत पुइनं पाठवली, तर आधी अंगणात मोठमोठ्यानं हसले, हसता हसता बोटांवर मोजलं, आणि मग लिहिलं: ५५५५. चार म्हणजे चार. नुसतंच हसू फुटलं आणि आवाज नाही निघाला तर काय लिहायचं, यावर दोन दिवस खल झाला. पुइ वैतागून म्हणाली, "शून्य लिहा!" झालं, कुटुंबाच्या गटात शून्यं पडायला लागली. मामीनं आपल्या बाळाचा फोटो टाकला, खाली आजोबांचं शून्य. मामी महिनाभर बोलत नव्हती.

पुइचं त्यांच्या अगदी उलट. तिच्या वर्गात पाच वाटण्यात तिचा हात कुणी धरला नसता. त्यांच्या गटात त्याचे कायदेच होते. एकच ५ लिहिला तर तो टोमणा. दोन म्हणजे तू मेलास तरी चालेल. तीन म्हणजे ‘वाचलं, ठीक आहे, आता पुरे.’ पाच लिहिले तर शिष्टाचार, आणि दहाच्या वर गेलं तरच मैत्री. फ्लूक नावाचा एक पोरगा दिवसाला वीस विनोद टाकायचा आणि एकाला जरी पाच कमी पडले तर विचारायचा, ‘रागावलीस का?’ म्हणून पुइ कळीवर बोट दाबून ठेवायची आणि दुसऱ्या हातानं नखं कापायची. तिचा चेहरा तेव्हा थंड भातासारखा असायचा. समोर मात्र पंचवीस पाचांची रांग लागायची.

"एवढं हसलीस? मला ऐकू कसं नाही आलं?" आजोबा शेजारी बसून विचारायचे.

"तुम्ही नका लक्ष देऊ हो, ता."

पहिला प्रकार घडला तो गुरुवंदनाच्या दिवशी.

सगळी शाळा गुडघ्यांवर बसलेली, शिक्षक वर खुर्च्यांवर, आणि एकेक विद्यार्थी फुलांचं तबक घेऊन रांगत पुढं जात होता. फ्लूकचं तबक अम्फोनबाईंच्या वाट्याला आलं. त्यानं ते पुढं केलं, कपाळ जमिनीला टेकवलं, वर पाहिलं, आणि बाईंच्या तोंडावर हसला.

हा. हा. हा. हा. हा. हा. हा.

सात वेळा. दोन ‘हा’च्या मध्ये सारखंच अंतर, कुणी कागदावरून वाचून दाखवतंय तसं. पुइ तिसऱ्या रांगेत होती. तिला नंतर आठवत राहिलं ते हसणं नव्हे, तर त्याच्या आधीचा क्षण. छताचे पंखे गरगरत होते, पण त्यांचा आवाज एकाएकी बंद झाला होता, कानांत बोटं घातल्यासारखा. आणि फ्लूकचा चेहरा हसत नव्हता. तो भेदरलेला होता.

अम्फोनबाईंनी त्याला आठवडाभर पटांगणातली पानं गोळा करायला लावली. "मी नाही हसलो, बाई. ते आपोआप निघालं," तो शपथा घेऊन सांगत होता.

"माझ्याशी तीनपाच नको! तोंड तुझं, आवाज तुझा, आणि हसलं कोण? मी?"

नंतर वर्गाची मॉनिटर बाइतोइ. ती दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंडात तीन हत्यारं असताना पाच वेळा हसली. डॉक्टरचं बोट थोडक्यात वाचलं. मग एक पोरगा चुलत बहिणीच्या साखरपुड्यात, नेमका नवऱ्यामुलाचा पगार सांगितला जात असताना. मग एक पोरगी देवळात, महास्थविर अनित्यतेवर प्रवचन देत असताना. सगळ्यांचं तेच. आधी भोवतालचा आवाज बंद, मग कोरडे, मोजून मापून ‘हा’. आवाज ज्याचा त्याचा, हसू मात्र कुणाचंच नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी ताण आहे म्हणून सांगितलं आणि पाणी प्या, लवकर झोपा असा सल्ला दिला. पोरांनी पाणी प्यायलं. मग ती लवकर झोपून, ताजीतवानी होऊन, दुसऱ्या दिवशी भलत्या ठिकाणी हसली.

हिशेब लागला तो बाइतोइला. ती दुपारच्या सुट्टीत पुइला ओढत जिन्याखाली घेऊन गेली.

"मी दंतवैद्याकडे पाचदा हसले. आता हे बघ. सोमवारी फ्लूकच्या विनोदाला मी काय लिहिलंय?"

फोनवर पाच पाच होते.

"योगायोग," पुइ म्हणाली.

"आणि तेव्हा मी हसत नव्हते, पुइ. मी तर रडत होते. आईशी भांडण झालं होतं."

पुइला असल्या गोष्टी पटत नसत; हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून तिनं स्वतःवरच प्रयोग करायचा ठरवला. आरशासमोर उभं राहून, ओठ जरासुद्धा हलणार नाही अशी खात्री करून, तिनं बाइतोइला एक ५ पाठवला. एकच. आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या दुकानात साबण घ्यायला गेली, आणि दुकानवाली आपल्या गर्भाशयाच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होती. भर रस्त्यावरच्या मोटरसायकली अचानक मुक्या झाल्या. पुइच्या पोटातून काहीतरी वर सरकलं आणि ओठ तिचे न राहता उघडले.

"हा."

दुकानवाली अजून तिला साबण देताना पिशवी देत नाही.

मग मात्र वर्गाची अक्षरशः पाचावर धारण बसली. बरं, वर्षानुवर्षांचं जुनं कुणी मागत नव्हतं, नाहीतर सगळा वर्ग पुढच्या नववर्षापर्यंत, सोंगक्रानच्या सणापर्यंत हसत बसला असता. जे काही निघत होतं ते गुरुवंदनाच्या आसपासचं आणि नंतरचं. का, ते कुणालाच कळलं नाही. पण पोरांनी कानाला खडा लावला. एका रात्रीत गटातून पाच नाहीसा झाला. गणिताच्या गृहपाठाचं उत्तर पंचावन्न आलं तरी पोरं ते अक्षरांत लिहू लागली.

आता मोठीच पंचाईत झाली. हसायचं कसं? कुणीतरी विनोद टाकला की खाली उत्तरं यायची: ‘वाचलं. हसू आलं नाही.’ ‘नाकातून थोडी हवा गेली.’ ‘मला वाटतं मी उद्या हसेन.’ चार दिवसांत तीन मैत्र्या तुटल्या आणि एक प्रेमप्रकरण आटोपलं, कारण त्या पोराला कळलं की दीड वर्षात ती एकदाही हसली नव्हती. काही जणांनी कागदाच्या चिठ्ठ्या सुरू केल्या. काही जण विनोद ऐकवायला चक्क एकमेकांच्या घरी जाऊ लागले, कारण समोरासमोर हसण्यात धोका नव्हता. आणि सगळ्यांत मोठा चमत्कार म्हणजे फ्लूकचे विनोद सुधारले. बिचाऱ्याला पहिल्यांदाच मेहनत करावी लागत होती.

पुइनं हे सगळं आजोबांना सांगितलं, तेव्हा ते तारेच्या खांबाला ग्रीस लावत होते. ते इतके हसले की शीळ पार बागेपर्यंत गेली.

"बघ! मी काय सांगत होतो? आमचं गाव आहे हे. इथं नाही चालत."

"तुम्हाला काय हसायला जातंय? माझे अजून अकरा राहिलेत."

ते खरं होतं. तिचे बाकीचे येऊन गेले होते. तीन इंग्रजीच्या तासाला, पाच बसमध्ये एका भिक्षूच्या शेजारी. पण गुरुवंदनाच्या आदल्या दिवशी फ्लूकनं विचारलं होतं, ‘दुरियानला मिठी कोण मारतं? दुसरा दुरियान, आणि तोही पस्तावतो!’ आणि पुइनं नखं कापता कापता अकरा पाच ठोकले होते. ते काही केल्या येत नव्हते. तिनं गुदगुल्या करून घेतल्या, उलटी लटकली, मुद्दाम मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभी राहिली. काही नाही.

"तुमचा नाही एखादा राहिला?" तिनं विचारलं.

"माझा?" आजोबांनी ग्रीसचा हात छातीवर ठेवला आणि शर्ट खराब केला. "जन्मात एक खोटा पाच लिहिला असेल तर शपथ. तुझ्या ताचा पाच म्हणजे पाच. तू डोळे मिटून विश्वास ठेव."

आणि ती ठेवत होती. सगळ्या फोनभर तेवढेच पाच तिला खरे वाटायचे.

जुलै संपता संपता आजोबांच्या पोटात दुखायला लागलं. बागेत जाणं थांबलं, मग जेवण थांबलं. सोममावशी त्यांना उत्तरादितच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली आणि तिथंच राहिली. "पित्ताचे खडे आहेत, चार दिवसांत येतो," असं मावशीनं फोनवर सांगितलं. त्याच आठवड्यात शाळेच्या क्रीडास्पर्धा. पुइ लाल संघाच्या नाचात पहिल्या ओळीत होती. शनिवारी दुपारी शेवटची तालीम, आणि इस्पितळाकडे जायची एकुलती बसही दुपारचीच. बस पकडली तर तालीम बुडत होती.

शनिवारी दुपारी तिनं आजोबांना लिहिलं: ‘ता, दुखतंय का? येऊ का मी?’

बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं.

‘दुखत नाही. येऊ नकोस. ५५५’

पुइनं ते वाचलं आणि तिच्या छातीवरचा दगडच उतरला. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर ती दोनदा विचार करती. पण हे आजोबांचे पाच होते. म्हणजे म्हातारा खाटेवर बसून खरोखर तीनदा हसलाय, बोटांवर मोजलंय, आणि मगच लिहिलंय. तिनं बस सोडली. तालीम झकास झाली.

रविवारी पहाटे आजोबा गेले.

देवळाच्या मांडवात चार दिवस शवपेटी होती. भिक्षू येऊन पाठ करत, गाव येऊन भात खात असे. चोनबुरीहून आई-बाप आले. पुइ सगळ्यांना पाणी देत फिरायची, आणि मावशी एकटी सापडली की तिला धरायची.

"मावशी, शनिवारी दुपारी ता हसले होते ना?"

"हो गं बाई. हसत होते."

"किती वेळा?"

"म्हणजे काय? हसणं कुणी मोजतं का?"

"तीन वेळा ना?"

मावशी वर पंख्याकडे बघत म्हणाली, "हो. तीन वेळा. जा, त्या म्हाताऱ्यांना पाणी दे."

पुइला हायसं वाटायचं, ते अर्धा तास टिकायचं, मग ती पुन्हा विचारायला जायची. तिला बाकी काही नको होतं. आजोबा गेले ते जायचेच होते, पण त्यांना दुखत नव्हतं, एवढं एकच तिला पक्कं हवं होतं. दुखत असताना आपण लाल झुपके हलवत नाचत होतो, असं असेल तर ती स्वतःला कधी माफ करणार नव्हती.

त्यात ते अकरा. गुरुवारी दुपारी दहन होतं. थोरली नात म्हणून आजोबांची तसबीर घेऊन पुइ सगळ्यांत पुढं चालणार होती. हसायला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती, आणि हे हसू नेमकी असलीच जागा शोधत असे.

फ्लूक आणि बाइतोइनं युद्धाची तयारी केली.

"तू पहिला ‘हा’ केलास की मी जमिनीवर लोळण घेणार," फ्लूक म्हणाला. "‘आजोबाऽऽ’ म्हणून असा टाहो फोडतो की तुझं हसू कुणाच्या बापाला ऐकू यायचं नाही."

"मी शिंकणार," बाइतोइ म्हणाली. "अकरा वेळा. मिरपूड आणलीय."

पुइनं स्वतःचाही बंदोबस्त केला. बाजारातून चिंचेचा मिठातला गोळा आणला, लिंबाएवढा, आणि निघताना अख्खा तोंडात कोंबला. दात नुसते टेकवले तरी त्यावर खूण उठेल असा मऊ. वरून रुमाल कोंबला आणि ओठ मिटले. आईला वाटलं पोरगी रडू आवरतेय. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मिरवणूक निघाली. पुढं पांढरा दोरा धरून भिक्षू, मग तसबीर घेतलेली पुइ, मागं पेटी. दहनघराला डावीकडून तीन फेऱ्या. ऊन मी म्हणत होतं. कर्ण्यावर वाद्यं वाजत होती, कुत्री भुंकत होती, पोरं उधळलेली नाणी वेचायला पळत होती. चिंचेची आंबट लाळ गळ्यात उतरत होती आणि डोळ्यांत पाणी येत होतं. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. काही नाही.

मग लोक एकेक करून पायऱ्या चढू लागले. वर पेटीशी चंदनाचं फूल ठेवायचं, हात जोडायचे, उतरायचं. घरच्यांची पाळी शेवटी. आई गेली, बाप गेला, मावशी गेली आणि वरच बाजूला उभी राहिली.

पुइ चढली. पेटीचं झाकण लागलेलं होतं. तिनं वाकून फूल ठेवलं. तिचं कपाळ लाकडापासून वीतभरावर होतं.

कर्ण्यावरची वाद्यं बंद झाली.

बंद झाली नव्हती. खाली वादकाचे हात चालू होते. कुत्र्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

आलं, पुइला कळलं. तिनं रुमालावर दात आवळले नाहीत, ओठ आवळले. डोळे मिटले. अकरा, अकरा, अकरा.

हा.

हा.

हा.

पुइ थांबली. पुढचे आठ येईनात.

पोटातून काही वर सरकलं नव्हतं. ओठ मिटलेलेच होते. रुमाल जागच्या जागी होता.

आणि प्रत्येक ‘हा’च्या शेवटी बारीक शीळ होती.

वाद्यं पुन्हा कानांवर आदळली. त्याबरोबर खाली फ्लूकनं स्वतःला धुळीत झोकून दिलं आणि "आजोबाऽऽ!" म्हणून असा हंबरडा फोडला की आजोबांच्या सख्ख्या भावानं चमकून पाहिलं, हा कोण नातू म्हणून. बाइतोइ शिंकायला लागली ती थांबेचना. मावशीनं पुइचा दंड पकडून तिला पायऱ्यांवरून खाली ओढत आणलं.

"लाज नाही वाटत? आज तरी! माझ्या बापाच्या पेटीवर वाकून हसतेस?" मावशीचा आवाज चिरकला. पण ती पुइकडे बघत नव्हती. ती पेटीकडे बघत होती, आणि तिच्या दंडावरचे काटे पुइला दिसत होते.

पलीकडे पंखा धरून बसलेल्या म्हाताऱ्या भिक्षूनं पाठ मध्येच सोडला होता. त्यानं तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

चिंचेच्या झाडाखाली फ्लूक अंगावरची धूळ झटकत आला. "सुटलीस बाई! काय मस्त झाकलं की नाही मी?" मग तो घुटमळला. "पण तीनच कसे? तुझे अकरा होते ना?"

पुइनं तोंडातून रुमाल काढला. मग बोटं घालून चिंचेचा गोळा काढला आणि तळहातावर धरला. गोळा जसा घातला तसाच होता, गोल आणि अख्खा, त्यावर दाताची एक खूण नव्हती.

बाइतोइनं तो पाहिला. ती शिंकायची थांबली आणि फ्लूकची बाही धरून दोन पावलं मागं सरकली.

"माझे अजून अकराच आहेत," पुइ म्हणाली.

दहनघराच्या धुराड्यातून धूर निघायला लागला होता. वर डोंगरात कुणाची तरी टोपली तारेवरून शीळ घालत खाली येत होती. पुइनं फोन काढला. आजोबा उभ्या आयुष्यात कुणाशी तीनपाच करायला गेले नव्हते. नातीला पटावं म्हणून, तिनं बिनघोर नाचावं म्हणून, एकदाच केली.

म्हणजे दुखत होतं. खूप दुखत होतं.

‘दुखत नाही. येऊ नकोस. ५५५’

ती कितीतरी वेळ बघत राहिली. वाक्यं दोन होती, आणि ते खोटं हसू दोन्हींच्या पुढं लिहिलेलं होतं.